भूवापर आणि मातीतील सेंद्रिय कर्ब

जमिनीवर जंगल आहे, कुरण आहे की शेती, यावर तिच्यात साठून राहणाऱ्या सेंद्रिय कर्बाचे (वनस्पती व इतर सजीवांच्या अवशेषांतील कार्बनचे) प्रमाण मोठ्या अंशी अवलंबून असते. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हा साठा वातावरणातील कर्बापेक्षा बराच मोठा असल्यामुळे त्यातली थोडी घटही हवामानाच्या दृष्टीने गंभीर ठरते.

पालापाचोळा, मुळे आणि मुळांतून पाझरणारे स्राव यांच्यावाटे कर्ब मातीत येतो. जिवाणू आणि बुरशी त्याचे विघटन करून तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत सोडतात. चिकणमातीच्या कणांना चिकटलेला किंवा मातीच्या बारीक कणसमूहांत अडकलेला कर्ब मात्र या सूक्ष्मजीवांच्या हाती सहजी लागत नाही आणि शतकानुशतके टिकू शकतो. नांगरटीने हे कणसमूह फुटतात, हवा खेळते व विघटन वेग घेते. त्यातच पीक कापून नेल्याने मातीत परतणारा काडीकचराही घटतो.

गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये ७४ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात नैसर्गिक जंगलाचे शेत केल्यास मातीतील कर्ब सरासरी ४२ टक्के, तर कुरण नांगरल्यास ५९ टक्के घटल्याचे दिसते. शेती सोडून तिथे पुन्हा जंगल वाढू दिल्यास तो ५३ टक्के वाढतो. पण ही वाढ आधीच घटलेल्या साठ्यावर मोजलेली असते, हे विसरता कामा नये. शंभराचे अठ्ठावन्न झाल्यावर त्यात ५३ टक्के भर पडली, तरी बेरीज नव्वदीच्या आतच राहते. शिवाय ही भर फार सावकाश पडते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८८२ साली पडीक सोडलेल्या गव्हाच्या शेताच्या एका तुकड्यावर पुढे जंगल उभे राहिले आणि तिथल्या मातीतील कर्ब शतकभर वाढतच राहिला. गुओ आणि गिफर्ड यांच्याच आढाव्यानुसार कुरणावर वृक्षलागवड केल्यास मातीतील कर्ब सरासरी १० टक्के घटतो. गवताची दाट मुळे मातीत सातत्याने कर्ब भरत असतात, त्यामुळे झाडे लावली की मातीचे भलेच होते हा समज सरसकट खरा नाही.

सर्वांत मोठी हानी पीटच्या दलदली कोरड्या केल्याने होते. पाण्याखाली प्राणवायूअभावी न कुजता हजारो वर्षे साचलेला वनस्पतींचा थर म्हणजे पीट; पाणी उपसताच तो कुजू लागतो. इंग्लंडमधील होम फेन येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पीटमध्ये रोवलेल्या लोखंडी खांबाचे टोक त्या वेळी जमिनीच्या पातळीत होते. आज तो सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. ही घसरण काही अंशी पीट आकसून दबल्यामुळे, तर काही अंशी तो कुजून हवेत गेल्यामुळे झाली आहे.

विनानांगरट शेतीत वरच्या थरात कर्ब वाढलेला दिसतो, परंतु खोलवर तो अनेकदा तितकाच घटलेला असतो. म्हणून केवळ वरच्या वीतभर मातीच्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. भूवापर बदलला की मातीची घनताही बदलते. त्यामुळे दोन जमिनींची तुलना करताना समान खोलीऐवजी मातीचे समान वस्तुमान धरणे अधिक बिनचूक ठरते.