बापाची शिट्टी, मुलाच्या गळ्यात

3 सप्टेंबर 2022. आयोवा सिटीतलं किनिक स्टेडियम, सुमारे 69 हजार आसनांचं. मोसमातला पहिलाच सामना आणि समोर खालच्या विभागातला साउथ डकोटा स्टेटचा संघ. आयोवाने सामना 7-3 असा जिंकला. अमेरिकन फुटबॉलमध्ये 7 हा आकडा दिसला की कुणीही समजतं, एक टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये नेणं, सहा गुण) आणि त्यानंतरची एका गुणाची किक. इथे टचडाउन झालाच नव्हता. तीन गुण एका फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकचे. उरलेले चार बचाव फळीने मिळवलेले, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच एंड झोनमध्ये दोनदा अडवून, दर वेळी दोन. चेंडू घेऊन पुढे जाणं हेच ज्यांचं काम, त्या आक्रमक फळीच्या नावावर अख्ख्या दुपारी फक्त ती एक किक.

त्या फळीची आखणी करणारा, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, होता ब्रायन फेरेंट्झ. संघाचे मुख्य कोच कर्क फेरेंट्झ. मुलगा आणि वडील.

कोचच्या मुलाने वडिलांच्या हाताखाली काम करावं का, आणि पुढे त्यांची जागा घ्यावी का, हा प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलला नवा नाही. डिसेंबर 2024 मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधले नामवंत कोच बिल बेलिचिक मुलाला सोबत घेऊन नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात आले तेव्हा तो पुन्हा वर आला. पण त्याची मुळं समजून घ्यायची तर आधी या खुर्चीचं वजन लक्षात घ्यायला हवं. ‘कॉलेजचा संघ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येते, चार बस आणि एक करंडक. तिकडे तसं नाही. आयोवा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. शनिवारी सगळं राज्य विद्यापीठाच्या संघामागे उभं असतं. कर्क फेरेंट्झ यांचा पगार वर्षाला 70 लाख डॉलरच्या घरात आहे आणि विद्यापीठ सरकारी आहे. तेव्हा ही नेमणूक घरगुती बाब राहत नाही. ती सार्वजनिक पद भरण्याची गोष्ट होते, आणि तिला ते नियम लागायला हवेत.

मुलं या धंद्यात येतात कशी, याचं उत्तर मात्र घरातच असतं. कोच मोसमात पहाटे घर सोडतो, रात्री चित्रफिती बघत बसतो. मोसम संपला की शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे ओढण्यासाठी गावोगाव फिरतो. मुलाला वडील भेटायचे असतील तर सरावाच्या मैदानावरच जावं लागतं. तिथे पाण्याच्या बाटल्या उचलता उचलता, साइडलाइनवर हेडफोनची वायर सांभाळता सांभाळता तो खेळ शिकतो. आपल्याकडे कीर्तनकाराचा मुलगा मागे झांज धरून उभा राहतो आणि अभंग त्याला न शिकवता पाठ होतात, तसंच हे. अशा मुलाला ‘वशिल्याचा तट्टू’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पुष्कळदा त्याची तयारी इतरांपेक्षा जास्तच असते. अडचण तयारीची नाहीच. तो चुकला तर त्याला थांबवणार कोण, ही अडचण आहे.

फ्लोरिडा स्टेटची हकिगत यासाठी मुळापासून वाचावी अशी आहे. बॉबी बाउडन 1976 मध्ये तिथे आले तेव्हा संघाची अवस्था वाईट होती. 1987 ते 2000 अशी सलग 14 वर्षं त्यांनी तो देशातल्या पहिल्या पाचांत ठेवला, 1993 आणि 1999 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलं. त्यांचे तीन मुलगे कोच झाले. टेरी 1993 मध्ये ऑबर्नचा मुख्य कोच झाला आणि पहिल्याच मोसमात 11 पैकी 11 सामने जिंकला. टॉमीने 1998 मध्ये टुलेनला एकही सामना हरू दिला नाही, आणि पुढच्या मोसमात तो क्लेमसनचा कोच होता. ऑक्टोबर 1999 मध्ये क्लेमसनच्या मैदानावर बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या, असा सामना झाला. सर्वोच्च विभागात मुख्य कोच म्हणून वडील-मुलगा समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ. फ्लोरिडा स्टेट 17-14 ने जिंकलं आणि तो बॉबींचा 300वा विजय ठरला.

या दोघा मुलांना परक्यांनी निवडलं होतं. तिसरा, जेफ, घरीच राहिला. 2001 मध्ये आधीचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मार्क रिक्ट जॉर्जियाला गेल्यावर वडिलांच्या संघाचं आक्रमण त्याच्या हाती आलं. आधीचा संघ सलग तीन वर्षं राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेलेला. तो दबदबा पुन्हा दिसला नाही. प्रेक्षकांचा राग वर्षागणिक वाढत गेला, पण तो बॉबींवर काढवेना. त्यांनी तर हे सगळं उभं केलं होतं. मग खापर जेफच्या डोक्यावर. 11 नोव्हेंबर 2006 रोजी वेक फॉरेस्टने फ्लोरिडा स्टेटला त्यांच्याच गावात 30-0 ने धुतलं. बॉबींच्या कारकिर्दीत घरच्या मैदानावर एकही गुण न मिळण्याची ती पहिली वेळ होती. काही दिवसांत जेफने राजीनामा दिला. त्याला पाच लाखांहून जास्त डॉलर देऊन करार मिटवला गेला.

सहा मोसम गेले त्यात. दुसऱ्या कुठल्याही कोऑर्डिनेटरला दोन-तीन मोसमांतच कुणीतरी बोलावून सांगितलं असतं, तुझं जमत नाहीये. जेफला ते सांगणं म्हणजे बॉबींना सांगणं होतं, आणि विद्यापीठाच्या गावात, टालाहासीत, बॉबींना सांगू शकेल असा माणूस नव्हता. त्यामुळे त्या मुलाला ती गोष्ट 80 हजार लोकांच्या ओरडण्यातून कळली. त्याच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. पुढे विद्यापीठाने गादीचा प्रश्न घराबाहेर नेला. बाहेरून आणलेल्या जिंबो फिशरला डिसेंबर 2007 मध्ये उघडपणे उत्तराधिकारी जाहीर केलं. बॉबी 2009चा मोसम संपवून, 1 जानेवारी 2010चा गेटर बोल हा मोसमाअखेरचा सामना जिंकून निवृत्त झाले, आणि 2013 मध्ये फिशरच्या हाताखाली पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद आलं.

आधीच उत्तराधिकारी ठरवून ठेवण्याची ही पद्धत त्या दोन-तीन वर्षांत बरीच बोकाळली. ओरेगनमध्ये चिप केली ठरल्याप्रमाणे 2009 मध्ये आला. टेक्सासने 2008 मध्ये विल मुशँपला शब्द दिला, तो वाट बघून 2010 मध्ये फ्लोरिडाला निघून गेला. मेरीलँडमध्ये जेम्स फ्रँकलिनचंही तसंच झालं. गादी आधीच वाटून टाकली की खुली निवड उरत नाही, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. मैदानावरच्या खेळाडूंत कृष्णवर्णीयांचा वाटा फार मोठा, मुख्य कोच मात्र बहुतेक गोरे. अशा ठिकाणी नेमणूक मुलाखतीशिवाय होत असेल, तर बाहेर उभ्या असलेल्यांना दार दिसतच नाही. ओरेगन राज्याने 2009 मध्ये कायदाच केला की सरकारी विद्यापीठांनी मुख्य कोच नेमताना अल्पसंख्याक समाजातल्या निदान एका पात्र उमेदवाराची मुलाखत घ्यावी. बापाकडून मुलाकडे जाणारी खुर्ची याच आक्षेपाचं सगळ्यात ठळक रूप आहे. मुख्य कोचच्या पोटी जन्म घेणं ही अशी पात्रता आहे की ती कुणाला मेहनत करून मिळवता येत नाही.

पेन स्टेटमध्ये जो पॅटर्नो 1966 पासून 2011 पर्यंत मुख्य कोच होते. मुलगा जे 1995 मध्ये त्यांच्या चमूत आला, पुढे क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूचा, कोच झाला. 2000 ते 2004 या पाचांपैकी चार मोसमांत संघ जिंकला कमी, हरला जास्त. 2004 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष आणि इतर वरिष्ठ पॅटर्नोंच्या घरी जाऊन निवृत्तीबद्दल बोलले. पॅटर्नोंनी नकार दिला आणि विषय संपला. अध्यक्षांना कोचच्या घरी जावं लागतं आणि हात हलवत परत यावं लागतं, यातच सगळं आलं. शेवटी 2011 मध्ये माजी सहायक जेरी सँडस्की याच्या बाललैंगिक अत्याचारांचं प्रकरण उघड झालं, तेव्हा विश्वस्तांनी पॅटर्नोंना काढलं. त्या प्रकरणाशी जेच्या वारसाहक्काचा संबंध नाही. पण एका माणसापुढे सगळी संस्था कशी गप्प बसते, ते तिथे फार भयंकर रीतीने दिसलं. जेला ती जागा मिळाली नाही. बिल ओब्रायन आले.

आयोवाने हे टाळण्यासाठी नियम केला होता, आणि मला वाटतं, सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. ब्रायन वडिलांच्या हाताखाली आयोवाकडून खेळला, मग न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघात बेलिचिकच्या चमूत काम करून 2012 मध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे आक्रमणातल्या पुढच्या रांगेचा, कोच म्हणून घरी परतला. 2017 मध्ये कोऑर्डिनेटर झाला. नात्यातल्या माणसाला स्वतःच्या हाताखाली ठेवायला विद्यापीठाच्या नियमांत मनाई. म्हणून कागदावर तो वडिलांना नव्हे, क्रीडा संचालक गॅरी बार्टा यांना उत्तरदायी. रोज सकाळी बैठकीत वडील सांगणार, सामन्याची आखणी वडील मान्य करणार, आणि वर्षाअखेरी कामाचा आढावा मात्र संचालक घेणार. कर्क 1999 पासून तिथे, बार्टा 2006 मध्ये आलेले. ज्या कोचच्या जिवावर स्टेडियम भरतं, त्याच्या मुलाच्या अहवालावर संचालकाने काय लिहायचं?

2022 मध्ये आयोवाची आक्रमक फळी चेंडू एकूण किती यार्ड पुढे नेला या हिशेबात 131 संघांत 130वी आली. तरी ब्रायन राहिला. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याचा करार बदलला. पगार 50 हजारांनी कमी करून साडेआठ लाख डॉलर केला आणि अट घातली: संघाने किमान सात सामने जिंकायचे आणि दर सामन्यात सरासरी 25 गुण करायचे. 13 सामने धरले तर 325. त्यात बचाव फळीने केलेले गुणही मोजायचे होते. म्हणजे दुसऱ्या कुणी प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पळवून टचडाउन केला, तरी ब्रायनच्या नोकरीच्या खात्यात सहा गुण जमा. ‘हा माणूस हे काम नीट करतो का?’ हा साधा प्रश्न तोंडाने विचारता येत नव्हता, म्हणून तो भागाकारावर सोपवला. त्या मोसमात प्रत्येक शनिवारी लोक सामन्याबरोबर हा हिशेबही बघत होते. चाळिशीच्या माणसाची नोकरी वडिलांच्या डोळ्यांदेखत फलकावर अशी मोजली जाणं, यात कुणाचं भलं झालं?

त्याच वर्षी बार्टा निवृत्त झाले. 30 ऑक्टोबर 2023 रोजी, संघ आठपैकी सहा सामने जिंकलेला असताना, हंगामी संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की मोसमानंतर ब्रायन परतणार नाही. हंगामी पदावरच्या बाईंना जे करता आलं, ते आधी वर्षानुवर्षं झालं नव्हतं. आयोवाने पुढचे चारही साखळी सामने जिंकले, आपल्या साखळी गटात पहिला नंबर काढला, मग मिशिगनकडून 26-0 आणि टेनेसीकडून 35-0 अशी हार. मोसमाची सरासरी 15.4 गुण.

दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवण्याचं कारण नाही. ओहायोतल्या माउंट युनियन या छोट्या कॉलेजात लॅरी केहरेस यांनी 27 मोसमांत 332 सामने जिंकले, 24 हरले, तीन बरोबरीत, आणि 11 राष्ट्रीय विजेतेपदं. 2013 मध्ये त्यांचा मुलगा व्हिन्स कोच झाला. सात मोसमांत 95 विजय, सहा पराभव, 2015 आणि 2017ची विजेतेपदं. मग 2020 मध्ये तो टोलेडोला सहायक म्हणून गेला. पण हा तिसरा विभाग. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, कोचला कोट्यवधी पगार नाही. बास्केटबॉलमध्येही उदाहरणं सापडतात: वॉशिंग्टन स्टेटला 2006 मध्ये डिक बेनेट यांच्यानंतर टोनी बेनेट आला आणि पहिल्याच मोसमात त्याने 26 सामने जिंकले, टेक्सास टेकला 2008 मध्ये बॉब नाइटनंतर पॅट नाइट आला आणि तीन वर्षांत गेला. बास्केटबॉलचा चमू 13-15 जणांचा, एका घरात मावेल एवढा. फुटबॉलमध्ये शंभरावर खेळाडू, दहा-बारा सहायक. वडिलांचा शब्द एवढ्या मोठ्या चमूत मुलाला आपोआप वारशाने मिळत नाही.

म्हणूनच बेलिचिकच्या वेळी लोकांचे कान टवकारले. पाच वर्षांचा करार, वर्षाला एक कोटी डॉलर, वय 72, महाविद्यालयीन कोच म्हणून पहिलाच अनुभव. मुलगा स्टीव्ह बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून सोबत आला, आणि पुढे तोच मुख्य कोच व्हावा अशी वडिलांची इच्छा असल्याच्या बातम्या नेमणुकीआधीपासूनच होत्या. या घराला तिसऱ्या पिढीची किनार आहे. बिलचे वडील, त्यांचंही नाव स्टीव्हच, पन्नाशीच्या दशकात याच नॉर्थ कॅरोलिनात सहायक होते. नंतर नौदल अकादमीत तीन दशकं राहिले, तिथे मुख्य कोच कधीच झाले नाहीत. बिल तिथे वडिलांच्या शेजारी बसून चित्रफिती बघत शिकले. आपल्या मुलालाही तसंच शेजारी बसवावंसं वाटणं मी समजू शकतो. पण शेजारी बसवणं वेगळं आणि सार्वजनिक विद्यापीठाची खुर्ची आधीच त्याच्या नावावर लिहून घेणं वेगळं. मुलाला ती जागा हवी असेल तर वडील निघून गेल्यावर त्याने इतरांसोबत रांगेत उभं राहून मुलाखत द्यावी, आणि निवडणाऱ्यांत वडिलांना जपणारं कुणी नसावं. एवढं झालं तर माझी काही हरकत नाही.

फ्रँक बीमर यांनी व्हर्जिनिया टेकमध्ये 29 मोसम काढले. मुलगा शेन तिथे खेळला, 2011 पासून वडिलांच्या चमूत होता. 2015 मध्ये फ्रँक निवृत्त झाले तेव्हा विद्यापीठाने मेम्फिसहून जस्टिन फ्युएंटेला आणलं. शेन जॉर्जियाला गेला, मग ओक्लाहोमाला, आणि डिसेंबर 2020 मध्ये साउथ कॅरोलिनाचा मुख्य कोच झाला. 31 ऑगस्ट 2025 रोजी अटलांटात त्याच्या संघाची गाठ व्हर्जिनिया टेकशी पडली. ज्या रंगांत तो वाढला, ते रंग समोरच्या साइडलाइनवर होते. साउथ कॅरोलिना 24-11 ने जिंकलं. दोन आठवड्यांनी व्हर्जिनिया टेकने आपल्या कोचला काढलं आणि फ्रँक बीमरांची जुनी खुर्ची पुन्हा रिकामी झाली. नोव्हेंबरमध्ये ती जेम्स फ्रँकलिन यांना मिळाली, मेरीलँडमध्ये ठरलेल्या गादीची वाट बघून निघून गेलेले तेच.