क्लोजर वापरून लिस्ट फिल्टर करणं

लिस्टमधले अटीत बसणारे घटक तेवढे निवडायचे आणि ती अट क्लोजर म्हणून द्यायची, अशी प्रोग्रामिंगमधली पद्धत. जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये फिल्टर, ग्रूवीत फाइंडऑल, स्मॉलटॉकमध्ये सिलेक्ट, नावं वेगळी पण काम तेच.

क्लोजर म्हणजे फंक्शन आणि ते जिथं लिहिलंय तिथली बाहेरची व्हेरिएबल्स, ही जोडी. बिननावाच्या कुठल्याही फंक्शनला सर्रास क्लोजर म्हणतात (ग्रूवीत तर ते अधिकृत नावच आहे), पण बाहेरचं काहीच धरून ठेवलं नसेल तर ते नुसतं फंक्शन, हा फरक पाळलेला बरा. ही संज्ञा संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांच्या १९६४ च्या लेखातली, संगणकशास्त्रज्ञ जोएल मोझेस यांनीही १९७० मध्ये श्रेय त्यांनाच दिलं. काहीजण मूळ थेट गणितज्ञ अलोन्झो चर्च यांच्या १९३० च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसपर्यंत (फंक्शन मांडायची गणिती पद्धत) नेतात, मात्र तिथं नावाच्या जागी किंमत सरळ बसवली जाते, सोबत एन्व्हायर्नमेंट (बाहेरची नावं आणि त्यांच्या किमती) बाळगावं लागत नाही, त्यामुळे लँडिनपासूनची सुरुवात जास्त पटते. सुरुवातीच्या लिस्प या भाषेत फंक्शन दुसऱ्या फंक्शनला देता यायचं पण स्कोप (नावाची किंमत कुठून घ्यायची तो नियम) डायनॅमिक, म्हणजे आतलं नाव कॉल होताना जी किंमत दिसेल ती उचलायचं, यालाच फनआर्ग प्रॉब्लेम म्हणत, आणि १९७५ च्या स्कीम या लिस्पच्याच बोलीनं लेक्सिकल स्कोप (फंक्शन जिथं लिहिलंय तिथलीच किंमत) घेऊन तो नीट सोडवला.

समजा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या मासळीची लिस्ट आहे, बांगडे २००, सुंगटं ४००, इसवण ८०० रुपये किलो, आणि बजेट हे व्हेरिएबल ५०० आहे. 'भाव बजेटपेक्षा जास्त नको' हे क्लोजर फिल्टरला दिलं की बांगडे आणि सुंगटं उरतात. फिल्टर एकेक मासळी क्लोजरच्या हातात देतो, बजेट त्याला कुणी देत नाही, ते त्यानं आधीच धरून ठेवलेलं असतं.

नवशिके अडतात ते इथेच, कारण धरलेलं असतं ते व्हेरिएबल, त्या क्षणाची किंमत नव्हे. पायथन ३ मध्ये फिल्टर आळशी आहे, घटक मागेपर्यंत काही तपासत नाही, तेव्हा फिल्टर लिहून झाल्यावर बजेट ३०० केलं आणि मग लिस्ट काढली तर सुंगटं गायब! जावास्क्रिप्टचा फिल्टर (मानकात २००९ पासून) तिथल्या तिथे चालतो, म्हणून तिकडे हा घोळ होत नाही. जावा ८ मध्ये (२०१४) लॅम्डानं (म्हणजे बिननावाच्या फंक्शननं) धरलेलं लोकल व्हेरिएबल पुढे बदलायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही.