गुगलवर वेबसाइट वर आणायची तर: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

‘महिन्याभरात पहिल्या नंबरवर आणून देतो, लेखी हमी’ असे फोन तुम्हालाही येत असतील. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि हे गुगलनेच स्पष्ट लिहून ठेवले आहे. पैसे भरून मिळते ती जाहिरात. तिच्याखालच्या निकालांत जागा विकत मिळत नाही. चांगले काम केले तरी फरक दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, हाही गुगलचाच अंदाज आहे. आम्ही याहून लवकरची तारीख देत नाही.

आधी साइट गुगलच्या नोंदीत आहे का ते बघा. शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, त्याला जोडून कोलन द्या आणि जागा न सोडता तुमचा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, टाइप करा. काहीच आले नाही, तर पुष्कळदा कारण साधे असते. साइट बनत असताना वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांनी नोंद घेऊ नये’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. नेमके कारण कळायला सर्च कन्सोल ही गुगलची मोफत सोय जोडून घ्या. नोंद न झालेली पाने आणि त्यांची कारणे तिथे दिसतात. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, हेही गेल्या १६ महिन्यांपर्यंतचे कळते.

मराठी साइटची एक खास अडचण आहे. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. गुगलला त्यातला एकही शब्द कळत नाही. पानावरचा एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवून बघा. अगम्य चिन्हे आली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठीच वाचला जाणाऱ्या अक्षरांत, आणायलाच हवा. कन्व्हर्टर हे काम करतो, मात्र पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हमखास विस्कटतात. म्हणून नंतर माणसाने ओळ न् ओळ वाचावी लागते. दिवाळीच्या फराळाचे दरपत्रक नुसते चित्र म्हणून टाकले, तर त्यावरही फार विसंबू नका. चित्र ठेवा, पण तेच दर खाली मजकुरात लिहा.

आता खरे काम, म्हणजे मजकूर. समजा, तुम्ही सोलर वॉटर हीटर दुरुस्त करता. ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’ हे कुणीही शोधत नाही. लोक शोधतात ‘सोलरचं पाणी तापत नाही’. मग त्याच प्रश्नाचे पान करा. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत साठतो तो कसा ओळखायचा, साफ करायला किती वेळ लागतो, साधारण खर्च किती, आणि नळी बदलण्यावाचून इलाज नाही असे केव्हा समजायचे. हे तुम्ही फोनवर रोज सांगताच. ते आम्हाला व्हॉइस मेसेजने पाठवलेत तरी चालेल, पण माहिती तुमचीच हवी. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेला किंवा यंत्राकडून घाऊक लिहून घेतलेला मजकूर आम्ही टाकत नाही. केवळ क्रमवारीसाठी अशी पाने रचणे गुगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरते.

हीच गोष्ट गावांच्या नावांची. कोथरूड, वारजे, हडपसर, वाघोली अशी नावे बदलून तोच मजकूर वीस पानांवर टाकायचा आग्रह अनेकजण धरतात. तसे करू नका. एकाच पानावर कुठे कुठे जाता ते खरे लिहा.

प्रत्येक पानाचे शीर्षक वेगळे हवे. सगळीकडे ‘होम’ नको. ‘सोलर वॉटर हीटर दुरुस्ती, सिंहगड रस्ता, पुणे’ एवढे पुरते. ‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरून देतो असे कुणी म्हणाले, तर त्याचे पैसे देऊ नका. गुगल क्रमवारीसाठी ते वापरत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झाले आहे.

गुगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचते. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, ही त्याची मोजमापे आहेत. वेग बिघडतो तो बहुधा फोनमधून थेट चढवलेल्या ४-५ एमबीच्या फोटोंमुळे. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणि वजन २०० केबीच्या आत ठेवा.

बाहेरच्या साइटवरून विकत घेतलेल्या लिंक नकोत. २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलापासून गुगल अशा लिंकांच्या मागे आहे. तुमचा माल पुरवणारी कंपनी किंवा व्यापारी संघटना आपल्या यादीत तुमचे नाव देत असेल, तर ती लिंक जरूर मागा.

गुगल नकाशावरच्या तुमच्या व्यवसायाच्या प्रोफाइलमध्ये नाव पाटीवर आहे तेच लिहा. ‘पुण्यातील सर्वोत्तम’ वगैरे जोडले, तर प्रोफाइल बंद होऊ शकते. दुकान दुपारी १ ते ४ बंद असेल, तर तसेच नोंदवा. एका दिवसासाठी दोन वेळा भरता येतात. अभिप्राय सगळ्या गिऱ्हाइकांकडे मागा, पण त्याबदली सवलत देऊ नका, कारण ते नियमाविरुद्ध आहे.

साइट नव्याने करताना पानांचे पत्ते बदलले, तर प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे ३०१ प्रकाराने, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असे सांगून, वळवा आणि ते वळण निदान वर्षभर ठेवा. हे राहिले, तर जुन्या पानांनी कमावलेली जागा जाते. म्हणून जुन्या पत्त्यांची यादी आम्ही काम सुरू होण्याआधीच मागतो.

डोमेन, होस्टिंग (साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा) आणि सर्च कन्सोल या तिन्हींची मालकी तुमच्याच ईमेलवर हवी. सर्च कन्सोलमध्ये आम्हाला ‘फुल’ परवानगी पुरते, आणि काम संपल्यावर ती तुम्ही स्वतः काढू शकता.