75 गुणांची दरी

1996-97 च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडनं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली अव्वल फुटबॉल लीग, जिंकली ती 75 गुणांवर. तळाला नॉटिंगहॅम फॉरेस्ट होता, 34 गुणांसह. 2023-24 मध्ये मँचेस्टर सिटी 91 गुणांसह विजेती ठरली आणि शेफील्ड युनायटेड 16 गुणांवर तळाशी राहिली. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या संघातलं अंतरच 75. एकेकाळी जेवढ्या गुणांत अख्खं विजेतेपद मिळालं, तेवढी आता नुसती दरी!

हे दोन हंगाम मुद्दाम निवडलेले आहेत. 1996-97 चा हंगाम त्या काळाच्या मानानंही फार चुरशीचा होता. शिवाय गुणांमध्ये अंतर पडलं म्हणजे संघांच्या ताकदीत तेवढाच फरक आहे, असंही नाही. त्यातलं किती अंतर निव्वळ नशिबाचं, हे आधी वेगळं काढायला हवं.

समजा, वीसही संघ अगदी तुल्यबळ आहेत. प्रत्येकाचे 38 सामने. साधारण चारातला एक सामना बरोबरीत सुटतो आणि बाकीचे नाणेफेकीवर ठरतात. तरीही गुणतक्ता सपाट राहत नाही. सरासरी 52 गुणांच्या आसपास येते, पण कोणीतरी 67 च्या घरात पोहोचतो आणि कोणीतरी 37 वर अडकतो. (आणि त्या 67 वाल्याच्या प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीवर रकानेच्या रकाने लिहिले जातात!) संघांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेत, ते संख्याशास्त्रात प्रमाण विचलनानं मोजतात. या काल्पनिक लीगमध्ये ते सुमारे 8 येतं. खऱ्या लीगचं विचलन या आकड्याच्या किती पट आहे, हीच चुरशीची मोजपट्टी. ती रॉजर नोल आणि जेराल्ड स्कली या अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या नावानं ओळखली जाते.

दंड म्हणून कापलेले गुण परत मिळवून हिशेब केला, तर 1996-97 चं विचलन साडेअकराच्या आसपास येतं, म्हणजे नशिबाच्या दीडपट. 2023-24 चं जवळजवळ 20, म्हणजे अडीचपट. बरोबरीत सुटलेले सामनेही 380 पैकी 119 वरून 82 वर आले. मला हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण दुबळ्या संघाची खरी कमाई बरोबरीतच असते. दहा जण मागे उभे करायचे, गोल होऊ द्यायचा नाही आणि एक गुण पदरात पाडून घ्यायचा.

दोनच हंगामांवर विसंबायला नको, तर 2021 मध्ये व्हिक्टर मायमोन आणि ताहा यासेरी यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. युरोपातल्या 11 लीगमधले 26 वर्षांतले जवळपास 88 हजार सामने त्यांनी तपासले. निकालांचा अंदाज बांधणं काळानुसार सोपं होत गेलंय, आणि जिथे गुणांची विषमता जास्त तिथे ते अधिक सोपं आहे, असं त्यांना आढळलं.

विजेत्यांची यादीही तेच सांगते. 1960 ते 1992 या 33 हंगामांत इंग्लंडला 12 वेगवेगळे विजेते मिळाले. त्यानंतरच्या, 2025 पर्यंतच्या 33 हंगामांत फक्त सात. अर्थात जुन्या काळाला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. 1973 ते 1990 मधल्या 18 पैकी 11 विजेतेपदं एकट्या लिव्हरपूलनं नेली होती.

मग बदललं काय? खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा 1961 मध्ये उठली. 1983 पर्यंत तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा पाहुण्या संघालाही मिळे, तोही बंद झाला. गंमत म्हणजे ज्या टीव्हीच्या पैशाला सगळे दोष देतात, तो प्रीमियर लीगमध्ये बराच समान वाटला जातो. सर्वाधिक आणि सर्वांत कमी मिळवणाऱ्यांत दुपटीइतकाही फरक नसतो. खरी तफावत येते चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचं उत्पन्न, जाहिराती आणि मोठी मैदानं यांतून. त्या पैशातून पगार भरले जातात, आणि पगाराचा खर्च व गुणतक्त्यातलं स्थान यांचं नातं दीर्घकाळात किती घट्ट असतं, हे स्टीफन झिमान्स्की या अर्थतज्ज्ञानं दाखवून दिलंय. वर राहिलं की पुन्हा युरोपात खेळायला मिळतं, पुन्हा पैसा येतो. चक्रवाढ व्याजच ते.

मात्र नुसत्या पैशानं काम होतं असंही नाही. पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशावर ब्लॅकबर्न रोव्हर्सनं 1995 मध्ये लीग जिंकली. हाच क्लब 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजनं घेतला. 2012 मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला आणि 2017 मध्ये आणखी एक पायरी घसरला. एखाद्या नव्या वॉकरला तशी उडी मारणंही 2013 नंतर अवघड झालं, कारण त्या वर्षी तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायला बंदी आली. क्लब बुडू नयेत म्हणून आणलेल्या या नियमानं खर्च उत्पन्नाशी बांधला गेला, म्हणजे आधीच ज्यांचं उत्पन्न मोठं त्यांची सोय झाली. 2016 मध्ये लेस्टरनं सट्टेबाजांचा 5000 ला 1 असा भाव असताना लीग जिंकली, हे खरं. पण एका लेस्टरवरून धोरण ठरत नाही.

माझ्या मते दुखणं शिखरावर नाही, उंबरठ्यावर आहे. 2023-24 मध्ये खालच्या श्रेणीतून बढती मिळून आलेले तिन्ही संघ लगेच परत खाली गेले. 2024-25 मध्येही तेच. याआधी प्रीमियर लीगमध्ये असं फक्त 1997-98 मध्ये घडलं होतं.

सायमन रॉटेनबर्ग या अर्थतज्ज्ञानं 1956 मध्ये, बेसबॉलबद्दल लिहिताना, मांडलं होतं की निकाल अनिश्चित असेल तरच प्रेक्षक येतात. इंग्लंडमधली मैदानं आजही भरलेली दिसतात, म्हणून काही जण हा सिद्धान्त मोडीत काढतात. मला ती घाई वाटते. विजेता आधीच कळला तरी युरोपात कोण जाणार आणि खाली कोण जाणार, यासाठीही लोक येतातच. पण 2025 मध्ये साउथहॅम्प्टनचं खाली जाणं सात सामने शिल्लक असतानाच नक्की झालं, प्रीमियर लीगच्या इतिहासात सगळ्यांत लवकर. एप्रिल संपायच्या आत लेस्टर आणि इप्सविचचाही निकाल लागला. लीग मात्र 25 मेपर्यंत चालली.