बोर्डो ब्लेंड घरी नेताय? आधी हे वाचा

आमच्याकडून बोर्डो ब्लेंड, म्हणजे बोर्डोच्या पद्धतीने वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाईन मिसळून केलेली रेड वाईन, नेलेल्यांपैकी बरेचजण दुसऱ्या दिवशी फोन करतात, अहो वाईन फार तुरट लागतेय, खराब झालीय का. नाही झाली. म्हणूनच हा कागद बाटलीसोबत देतोय.

बोर्डो हे फ्रान्समधलं शहर, द्राक्षबागायतदारांना नाव फवारणीमुळे पाठच असतं, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८० च्या दशकात तिथल्याच बागांमधून आलं. तिथल्या रेड वाईनमध्ये मुख्य द्राक्षं दोन, कॅबरने सॉविन्यॉन आणि मर्लो, जोडीला थोडं कॅबरने फ्रां, पेती व्हर्दो वगैरे. मिसळायचं एक मोठं कारण म्हणजे पावसाची धास्ती, मर्लो आधी पिकतं, कॅबरने उशिरा, एकाला पावसाने गाठलं तरी दुसरं हाताशी राहतं. नदीच्या डाव्या काठाला मेडॉकमध्ये खडीची जमीन म्हणून तिथे कॅबरने जास्त, उजवीकडे सेंत एमिलियों, पोमरोलला मर्लो जास्त आणि वाईनही मऊ.

'रूम टेंपरेचर' विसरा, ते तिकडच्या थंड घरांचं. १६ ते १८ डिग्री पाहिजे, म्हणजे मे महिन्यात बाटली तासभर तरी फ्रिजमध्ये. बर्फ प्लीज नको.

ग्लास थोडाच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड बघा, जांभळट असेल तर वाईन कोवळी, विटकरी झाक असेल तर मुरलेली. मग फिरवून वास घ्या. सगळीकडे ब्लॅककरंट लिहिलेलं असतं, ते आपण कुठे खाल्लंय, तुम्ही करवंद-जांभूळ शोधा. पेन्सिल तासल्यासारखा वास येतो तोही चांगलाच. ढोबळी मिरची जोरात आली तर कॅबरने नीट पिकलेलं नव्हतं, पण हलकीशी असली तर मला तरी आवडते. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर मात्र कॉर्कचा दोष, बाटली परत आणा, बदलून देऊ.

आता घोट, लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. कच्चं केळं खाल्ल्यावर हिरड्या आवळतात तसं होईल, ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक, लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. तुरट लागणारच, बघायचं एवढंच की तो तुरटपणा ओसरल्यावर फळाची चव मागे उरते का आणि किती वेळ. नुसतंच कोरडं तोंड उरलं तर खुशाल नावं ठेवा.

पण पहिल्या घोटावर निकाल नको. आमच्या एका टेस्टिंगला एका काकांनी 'हा काय काढा आहे का' म्हणून ग्लास सरकवला, पाऊण तासाने तोच ग्लास सुक्या मटणासोबत घेतला आणि विचारतात, ही दुसरी बाटली कुठली? हवा लागली की वाईन खुलते, आणि मटणाच्या चरबीने टॅनिन नरम पडतं. झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत नको, तिखटाने तुरटपणा अजून बोचतो.

उरली तर कॉर्क लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा, त्यानंतर मटणात ओता.