पिकल डिपसाठी कुठली काकडी: व्हिनेगरमधली की आंबवलेली?

क्रीम चीज, सावर क्रीम, बारीक चिरलेली खारवलेली काकडी, शेपू, थोडा लसूण. पिकल डिपला एवढंच लागतं. तरीही त्याच कृतीने केलेलं डिप कधी चटकदार होतं, तर कधी खारट, सैलसर आणि नुसतंच आंबूस. प्रमाण तेच, हातही तोच. अशा वेळी मी आधी बरणीकडे बघते, कारण डिल पिकल या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी, दुसरी मिठाच्या पाण्यात आंबवलेली. तीच छोटी काकडी, तोच शेपू, तेच मोहरीचे दाणे आणि लसणाच्या पाकळ्या. काचेतून पाहिलं तर फरक पटकन कळत नाही. डिपमध्ये मात्र दोघींची वागणूक निराळी असते.

व्हिनेगरच्या पिकलमध्ये आंबटपणा बाहेरून येतो. काकडी बरणीत भरायची आणि वर व्हिनेगर, पाणी व मीठ उकळून ओतायचं. घरी फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर पाच टक्के आम्लाचं व्हिनेगर आणि पाणी साधारण समसमान घेतात. दुसऱ्या दिवसापासून खाता येतं, दोन-तीन दिवसांत चांगलं मुरतं. कारखान्यातली बरणी बहुतेक वेळा बंद करून तापवलेली असते, त्यामुळे ती न उघडता कपाटात महिनोन्महिने टिकते.

आंबवलेल्या काकडीत आंबटपणा बरणीतच तयार होतो. लिटरभर पाण्याला ३५ ते ५० ग्रॅम मीठ, त्यात काकड्या पूर्ण बुडालेल्या, वर काहीतरी वजन. काकडीच्या सालीवर मुळातच असलेले लॅक्टिक जीवाणू तिच्यातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. मीठ इतर बऱ्याच जीवाणूंना थोपवून धरतं, त्यामुळे यांना मोकळं रान मिळतं. १८ ते २२ अंश सेल्सिअसला साधारण आठवडाभरात अर्धी आंबट काकडी मिळते, ती अजून आतून फिकी आणि कच्च्या चवीची असते. पूर्ण आंबायला तीन-चार आठवडे जातात. तोवर पाणी गढूळ होतं, तळाशी पांढरा साका बसतो आणि लसणाची एखादी पाकळी चक्क निळसर-हिरवी होते. तो रंग लसणातल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो, खायला त्रास नाही. केसाळ बुरशी दिसली किंवा कुजका वास आला, तर मात्र अख्खी बरणी टाकून द्यावी.

ओळखायचं कसं? लेबलवरची घटकांची यादी वाचा, याहून खात्रीचा दुसरा मार्ग नाही. यादीत व्हिनेगर किंवा ॲसिटिक ॲसिड असेल तर ती व्हिनेगरची. काकडी, पाणी, मीठ आणि मसाले एवढंच असेल तर आंबवलेली. फ्रीजमध्ये ठेवलेली बरणी आंबवलेलीच असणार असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नसतं. न तापवता केलेलं व्हिनेगरचं पिकलही थंडच ठेवावं लागतं आणि ते छान हिरवं दिसतं. उलट, आंबवून मग तापवलेली काकडी कपाटातही सापडते. गढूळ पाणी आणि झाकण उघडताना येणारे बुडबुडे आंबवल्याची खूण आहेत, पण यादी बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नये. गोड पिकलचा तर या डिपशी संबंधच नाही. लेबलवर साखर वरच्या क्रमांकावर असेल तर ती बरणी दुसऱ्या कशासाठी तरी ठेवा.

आता डिपमध्ये काय होतं ते बघू, कारण गंमत इथेच आहे.

ॲसिटिक आम्ल हवेत उडतं. बरणीचं झाकण उघडताच नाकात शिरतो तो वास त्याचाच. घास तोंडात गेल्यावरही तो मागच्या बाजूने नाकापर्यंत पोचतो, म्हणून व्हिनेगरचा आंबटपणा तीक्ष्ण वाटतो. लॅक्टिक आम्ल जवळजवळ उडतच नाही. त्याला स्वतःचा वास नाही, ते जिभेवर राहतं, गोलसर लागतं आणि जरा उशिरापर्यंत रेंगाळतं. आता सावर क्रीम आणि क्रीम चीज आठवा. ही दोन्ही विरजूनच बनतात आणि त्यांचा आंबटपणाही लॅक्टिक आम्लाचाच. कार्ल विल्हेम शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं ते आंबलेल्या दुधातूनच. म्हणजे आंबवलेली काकडी आणि सावर क्रीम आंबटपणाच्या बाबतीत एकाच घरातली माणसं. एकत्र आली की काकडी वेगळी ओळखूच येत नाही. व्हिनेगरची काकडी त्याच मिश्रणात उठून दिसते.

स्निग्धांशाचाही यात हात आहे. क्रीम चीज जिभेवर पसरतं आणि चवींची धार बोथट करतं. व्हिनेगरचा वास नाकावाटे येत असल्याने तो त्या थरातूनही वाट काढतो. म्हणून क्रीम चीजवर आधारलेल्या दाट डिपला मी व्हिनेगरचंच पिकल घेते. पाहुण्यांसाठी करायचं असेल तर दुसरा विचारही करत नाही.

त्याचं प्रमाण असं: २२५ ग्रॅम क्रीम चीज, अर्धा कप सावर क्रीम, एक कप अगदी बारीक चिरलेलं पिकल, दोन मोठे चमचे चिरलेला ताजा शेपू, लसणाची एक छोटी पाकळी किसून, मिरपूड आणि बरणीतलं दोन मोठे चमचे पाणी. मीठ सुरुवातीला अजिबात नाही.

आंबवलेली काकडी घ्यायची असेल तर नुसती काकडी बदलून भागत नाही, बैठकही बदलावी लागते. सावर क्रीम काढून टाका आणि त्याच्या जागी अर्धा कप मेयॉनेज घ्या. मेयॉनेजमध्ये स्निग्धता भरपूर, पण दुधाचा आंबटपणा नाही. त्यामुळे काकडीचा स्वतःचा लॅक्टिक आंबटपणा, लसूण आणि आंबवल्याने आलेली ती खोल चव यांना जागा मिळते. वर चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, म्हणजे नाकापर्यंत काहीतरी पोचेल. बरणीतलं पाणी मात्र जपून, एका छोट्या चमच्यापासून सुरुवात करून. ते खूप खारट असतं आणि त्यात आंबवताना उतरलेली सगळी चव असते. असं केलेलं डिप शांत लागतं, पहिल्या घासापेक्षा तिसऱ्या घासाला जास्त आवडतं. कापलेल्या कच्च्या भाज्यांबरोबर मला हेच बरं वाटतं. खारवलेल्या चिप्सबरोबर ते फार खारट होतं.

बरणीतलं आंबट पाणी घातल्यावर डिप फुटेल का, ही शंका रास्त आहे. दुधातलं केसिन हे प्रथिन पीएच ४.६ च्या आसपास गोळा होतं, त्यालाच आपण दूध फाटणं म्हणतो. सावर क्रीम आणि क्रीम चीजमध्ये ते विरजतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून आणखी आम्ल घातल्याने ती फाटत नाहीत. साध्या दुधाने डिप सैल करायला गेलात तर मात्र त्यात बारीक कण तरंगू लागतील. सैल करायचं असेल तर पिकलचं पाणी किंवा सावर क्रीम वापरा, दूध नको.

फाटण्यासारखं दिसणारं आणखी एक प्रकरण असतं, ते खरं तर गुठळ्यांचं. फ्रीजमधून काढलेलं थंडगार क्रीम चीज आणि त्यावर ओतलेलं पाणी: पाच मिनिटं फेटलं तरी वाडग्याच्या कडेला राईएवढे पांढरे दाणे चिकटून राहतात आणि मधे पांढुरकं पाणी सुटतं. क्रीम चीज तासभर बाहेर ठेवा, मग एकटंच फेटून अगदी मऊ करा, लकाकी येईपर्यंत. त्यानंतर सावर क्रीम किंवा मेयॉनेज दोन वेळा करून घाला आणि पिकलचं पाणी सगळ्यात शेवटी, चमच्याचमच्याने. काकडी त्याही नंतर, हाताने कालवून. ती मिक्सरमध्ये घालू नका. पातं तिचा लगदा करतं, कुरकुरीतपणा जातो आणि सगळं पाणी डिपमध्ये उतरतं.

पाण्याची भानगड दोन्ही प्रकारांत आहे, आंबवलेल्यात जरा जास्त. जास्त दिवस आंबलेली काकडी आतून मऊ आणि काचेसारखी पारदर्शक होत जाते आणि चिरताच पाणी सोडते. चिरलेली काकडी स्वच्छ कापडात घेऊन मुठीने घट्ट पिळा. कपभर काकडीतून किती पाणी निघतं ते एकदा बघितलं की ही पायरी पुन्हा कधी गाळली जात नाही. पिळलेलं पाणी फेकू नका, डिपमध्ये घालायचे ते चमचे यातूनच काढा.

काकडी घरी घालणार असाल तर एक छोटी गोष्ट: ज्या टोकाला फूल असतं, त्या टोकाची पातळशी चकती कापून टाका. काकडी मऊ पाडणारी विकरं तिथे असतात. देठाची बाजू राहिली तरी चालते. कुरकुरीत तुकडे हेच या डिपचं अर्धं सुख आहे, म्हणून हे कापणं टाळू नये.

लसणाचंही तेच, क्रम महत्त्वाचा. किसलेला लसूण थेट क्रीममध्ये टाकला की दोन तासांनी तो बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो. लसूण सरळ बरणीतल्या आंबट पाण्यातच किसला आणि मग मिश्रणात घातला तर त्याचा तिखटपणा आटोक्यात राहतो, कारण आम्लात तो तिखटपणा तयार करणारं विकर मंदावतं. आंबवलेल्या काकडीत आधीच लसूण मुरलेला असतो, तिथे ताजा लसूण अर्धाच घ्या.

कालवलेलं डिप लगेच चाखून निर्णय करू नका. शेपूचा वास स्निग्धांशात उतरायला वेळ घेतो. किमान दोन तास झाकून फ्रीजमध्ये ठेवा, मग चव बघा आणि तेव्हाच मीठ ठरवा. आंबवलेल्या काकडीच्या डिपला मीठ लागलंच तर आश्चर्य. फ्रीजमध्ये दोन्ही डिप तीन-चार दिवस नीट राहतात. टेबलावर मात्र दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. आंबवलेली काकडी तापवलेली नसेल तर तिच्यातले जीवाणू जिवंत असतात आणि शेवटच्या दिवशी ते डिप किंचित जास्त आंबट लागू शकतं.

ओव्हनमध्ये तापवून गरम डिप करायचं असेल तर व्हिनेगरचं पिकल घ्या आणि सावर क्रीम कमी करा, कारण उष्णतेने ते पाणी सोडतं. जिवंत जीवाणूंसाठी मुद्दाम आणलेली काकडी भट्टीत घालण्यात काही अर्थ नाही.

दोन्ही बरण्या फ्रीजमध्ये असतील तर मला सगळ्यात आवडणारं डिप त्या दोघींचं मिळून होतं. तुकडे व्हिनेगरच्या पिकलचे, कारण ते कुरकुरीत आणि टोकदार, आणि सैल करायला पाणी आंबवलेल्या बरणीतलं, वरचं, साका न ढवळता घेतलेलं. बैठक व्हिनेगरच्या डिपची, फक्त सावर क्रीम निम्मं आणि उरलेल्या निम्म्याच्या जागी मेयॉनेज. पाणी एक मोठा चमचा पुरतं.