आग रामेश्वरी, गंज उंबरठ्यात

दार लागत नाही. म्हणजे लागतं, पण खांदा लावावा लागतो. आणि लागल्यावर मागची फट वरच्या बाजूला अरुंद, खाली रुंद दिसते. जुनी, बिनछपराची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घरी आणून ती पुन्हा उभी करायला घेणारा माणूस पहिल्या आठवड्यात हमखास बिजागरीच्या मागे लागतो. स्क्रू ढिले करतो, वॉशर घालतो, कडी घासतो. मीही तेच केलं होतं. बिजागरी बिचारी निर्दोष होती. दुखणं दाराखालच्या उंबरठ्यात होतं, आणि तो बाहेरून रंगवलेला, गुळगुळीत, अगदी नवऱ्यामुलासारखा सजलेला होता.

एमजीबीचं उदाहरण घेऊ. १९६२ मध्ये आलेली आणि १९८० पर्यंत बनत राहिलेली ही ब्रिटिश गाडी. पाच लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे घरच्या घरी दुरुस्त होणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये तिचा नंबर बराच वर लागतो. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालची भार वाहणारी चौकट, होती. एमजीबीला ती नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. चारचौघींसारख्या बंद गाडीत छप्परही भार वाहतं. इथे छप्परच नाही, म्हणून पुढचं आणि मागचं धड जोडून ठेवायची जबाबदारी प्रामुख्याने दोन सीटांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या बोगद्यावर आणि दोन्ही दारांखालच्या सिलवर, म्हणजे आपल्या उंबरठ्यांवर येते. सिल कुजला की गाडी मधोमध किंचित खचते, दाराच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात, आणि दार अडकतं.

पण एवढासा पत्रा कुजल्याने एवढी मोठी गाडी वाकते कशी? याचं उत्तर कागदावर मिळतं. एक कागद गुंडाळून नळी करा आणि कड चिकटपट्टीने पूर्ण लांबीभर चिकटवा. दोन्ही टोकं धरून पिळायचा प्रयत्न करा. नळी दाद देत नाही. आता चिकटपट्टी काढा आणि पुन्हा पिळा. कागद तोच, आकार तोच, पण नळी हातात लोळते. बंद नळीत पीळ पूर्ण वेढ्यातून फिरतो. चीर पडली की तो वेढा तुटतो आणि कडा एकमेकींवरून सरकायला लागतात. पातळ नळीसाठी याचं गणित सोपं आहे: त्रिज्येला जाडीने भागा, त्याचा वर्ग करा, तिनाने गुणा. ४० मिलिमीटर त्रिज्येची, १ मिलिमीटर जाडीची नळी उभी चिरली तर पिळाला दाद न देण्याचा तिचा ताठरपणा ४८०० पटींनी घटतो. वजन जवळपास तेवढंच, ताठरपणा मात्र नावापुरता. गाडीत सिलची दोन्ही टोकं जखडलेली असतात म्हणून पडझड इतकी भीषण होत नाही, पण रोख तोच. म्हणून मला चार ठिकाणी पडलेल्या भोकांपेक्षा जोडाच्या रेषेवर सलग खाल्लेला गंज जास्त घाबरवतो.

आणि गंज नेमका जोडावरच का बसतो? केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात याचा छडा एका थेंबात लावला. स्वच्छ पोलादाच्या तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात दोन सूचक मिसळलेले असतात, एक लोखंड विरघळायला लागलं की निळं होणारं आणि दुसरं अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं. थोड्याच वेळात थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडेने गुलाबी वर्तुळ उमटतं. कडेला थेंब पातळ, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी ऑक्सिजन कमी. साधा तर्क म्हणेल, जिथे ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त. घडतं उलट. कडेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागतो, आणि ते पुरवायला मध्यभागचं लोखंड विरघळतं. थेंबभर पाण्यात एक चिमुकली बॅटरी चालू झालेली असते. दोघांचा माल मधल्या पट्ट्यात भेटतो, आणि तपकिरी कडं तिथे दिसतं.

म्हणजे गंज जिथे दिसतो तिथेच लोखंड गेलेलं असतं असं नाही.

आता हा थेंब सिलमध्ये नेऊन ठेवा. एमजीबीच्या सिलमध्ये बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे आणखी एक पडदा, असे थर एकमेकांना स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने, जोडलेले असतात. दोन पत्र्यांच्या मधल्या केसभर फटीत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत ठणठणाट. आतलं लोखंड विरघळत राहतं. त्यात मीठ असेल तर पाण्यातून विजेची वाट आणखी सोपी होते. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो पाचरीसारखा पत्रे फाकवतो, स्पॉट वेल्ड उचकटतात, फट मोठी होते आणि आणखी पाणी आत येतं. रंगाखाली येणारे फोड हा याच प्रकाराचा छोटा अवतार.

तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. लोहचुंबक रुमालात गुंडाळून सिलवरून हळूहळू ओढत न्यायचा. चांगल्या पत्र्यावर तो चिकटून चिकटून सरकतो. जिथे अचानक अलगद सुटतो तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहायचं. शाबूत पत्रा ‘टण’ वाजतो, कुजलेला ‘भद’. माझ्या गाडीत पुट्टी फोडल्यावर खाली वर्तमानपत्राचा बोळा निघाला. त्यावर नीट पुट्टी घासून, वर चकचकीत रंग. ज्याने हे केलं त्याच्या हाताची सफाई वाखाणण्यासारखी होती, एवढंच म्हणेन.

सिल कापायच्या आधी एक काम विसरायचं नाही. पुढच्या आणि मागच्या दारखांबाच्या मधे पोलादी चौकोनी नळीचा आडवा टेका जोडून घ्यायचा, आणि तोसुद्धा फटी बरोबर जुळवून घेतल्यावर. उरलासुरला कणा कापताना गाडीला दुसरा कणा हवा. हे न करता दोन्ही सिल एकदम कापले, तर नवे सिल सुंदर बसतात, पण वाकलेल्या गाडीवर. मग ती कायमची वाकडी.

नवा पत्रा जोडताना उष्णतेचं तंत्र सांभाळावं लागतं. बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. वेल्डिंगची रेघ सलग ओढली तर तापलेला भाग पसरू पाहतो, आजूबाजूचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो मऊ झालेला भाग जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. थंड होताना तो आक्रसतो तेव्हा मूळ लांबीपेक्षा आखूड होतो आणि पत्र्याला लाट येते. म्हणून इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा टाका, मग तिसरा दोघांच्या मधे, असं फिरत राहायचं. मधे हात लावून बघायचं. चटका बसत असेल तर थांबायचं. घाईचं काम नाही, आणि सगळ्यात जास्त चुका जेवणाच्या वेळेच्या आधी होतात.

कंस, ब्रॅकेट, पेडल असे सुटे भाग स्वच्छ करायला मला विजेची पद्धत सगळ्यात आवडते, कारण त्यात इव्हान्सच्या थेंबातला खेळ उलटा फिरवलेला आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. कडेला एक फालतू लोखंडी पट्टी, मधे टांगलेला गंजका भाग, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. साध्या बॅटरी चार्जरची लाल वायर पट्टीला, काळी भागाला. आता इलेक्ट्रॉन बाहेरून पुरवले जातात. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सुटतो, काही काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि ब्रशने निघून जातो. चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. वायरी उलट्या लावल्या तर मात्र भागच विरघळायला लागतो, आणि पट्टी छान राहते! पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, तिच्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरू शकतं. बादली उघड्या हवेत ठेवायची आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करायचा, कारण हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट या बादलीत घालू नयेत. हायड्रोजन धातूत शिरून त्यांना ठिसूळ करू शकतो.

जिथे बादली पोचत नाही तिथे टॅनिक ॲसिड असलेलं गंजरोधक लावतात. तपकिरी गंज बघता बघता निळसर काळा होतो. लोखंड आणि टॅनिन यांचं हे संयुग म्हणजे युरोपातल्या जुन्या दस्तऐवजांच्या मायफळाच्या शाईतलंच रसायन. पण गेलेलं लोखंड यानेही परत येत नाही, आणि सिलसारख्या भार वाहणाऱ्या भागावर त्याचा भरवसा धरू नये.

अडकलेल्या बोल्टवर जोर काढणं ही आणखी एक फसगत. काही गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधून जाणारे पोलादी स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, दोन धातूंच्या मधल्या क्षारांनी धरून ठेवलेले असतात. लांब पान्याने स्टड तुटतो, क्षार तसेच राहतात. तापवलं तर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. १० मिलिमीटरच्या छिद्रात १०० अंशांना फरक पडतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, पण क्षारांची पकड तडकवायला तो पुष्कळदा पुरतो. तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं. तापवा, मेण द्या, गार होऊ द्या, पुन्हा तापवा. तीन-चार फेऱ्यांनी जो स्टड ढिम्म हलत नव्हता तो गुपचूप सुटतो.

वायरिंगमध्येही तेच रामेश्वर आणि सोमेश्वर. हेडलाइट मंद, म्हणून लोक बल्ब बदलतात, बॅटरी बदलतात. जुन्या गाडीत परतीची वायर बहुधा नसते. करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज बसला की तिथे ०.३ ओहमचा अडथळा सहज तयार होतो. ऐकायला किरकोळ. पण १२ व्होल्टच्या ६० वॅटच्या बल्बचा स्वतःचा अडथळा जळताना फक्त २.४ ओहम असतो. म्हणजे बल्बला १२ ऐवजी साधारण १०.७ व्होल्ट मिळतात. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घातांकाने बदलतो, त्यामुळे व्होल्टेज एक नवमांश घटलं तर उजेड एक तृतीयांश जातो. उपाय: स्क्रू काढा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, व्हॅसलीन लावून पुन्हा आवळा. दहा मिनिटं.

काही गोष्टींत मात्र प्रयोग करायचे नाहीत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर लगेच वेल्डिंग केलं तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला वायू. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ कंप्रेसरने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत हवा आणि वाफ यांचं मिश्रण असतं. टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, रंगातले आयसोसायनेट श्वसनाचा कायमचा विकार लावू शकतात. तो रंग घरी मारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नये. ग्लायकॉलचं हे तेल रंग उचलतं; माझ्या ताज्या बॉनेटवर एका थेंबाचा माग अजून आहे.

शेवटी इंजिन. ते चालू होतं, पण रेस देताना अडखळतं आणि संशय प्लगवर जातो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. हवेत इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला हे माहीत नसतं. तो जुन्याच मापाने इंधन देतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं, म्हणून ते आधी बदलायचे.

बहुतेक एमजीबींना एसयू या ब्रिटिश कंपनीचे दोन कार्ब्युरेटर असतात. आत एक दट्ट्या हवेच्या ओढीप्रमाणे वरखाली होतो आणि त्याला लटकलेली निमुळती सुई जेटमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवते. दोन्ही सारखी हवा घेतात का हे बघायला रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. एकातून ‘श्श्श’, दुसऱ्यातून जरा खालच्या पट्टीतलं ‘स्स्स’. स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, नळी इकडून तिकडे, पुन्हा अर्धा आटा. दोन्ही सूर जुळले की दट्ट्या खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड. इंजिन मरगळलं तर पातळ. क्षणभर उसळून पुन्हा पहिल्या ठेक्यावर आलं, तर स्पॅनर खाली ठेवायचा, हात पुसायचे आणि दुसऱ्या कार्ब्युरेटरकडे वळायचं.